विकत घेतलेले यंत्र कोणाचे?

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर कांदा आहे, कापूस आहे, शेतीपंपाचे वीजबिल आहे. त्यांच्या शेजारी ‘संगणक’ हा विषय आम्ही मुद्दाम ठेवला. काही कार्यकर्त्यांनी विचारले, ‘मालाला भाव नाही आणि ही यंत्राची चर्चा कशाला?’ प्रश्न रास्त आहे. उत्तर एका वाक्यात देतो. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचा मालक कोण, हा प्रश्न शेतकऱ्याइतका दुसऱ्या कोणाला कळत नाही. आणि संगणकाच्या जगात आज नेमका तोच प्रश्न उभा राहिला आहे.

चालते यंत्र बाद

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ची नेहमीची देखभाल बंद केली. विंडोज म्हणजे संगणक चालू केल्यावर सगळ्या कामाचा ताबा घेणारी मुख्य प्रणाली. तिच्याशिवाय हिशेब, टंकलेखन, इंटरनेट यांतले काहीच चालत नाही. विंडोज १० ही २०१५ साली आली. तिच्यानंतरची विंडोज ११ आली २०२१ साली. ही नवी प्रणाली बसवायची तर संगणकात ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीतला लागतो. इंटेलचा प्रोसेसर असेल तर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे २०१७ च्या अखेरीनंतरचा. त्याआधीचा संगणक कितीही धडधाकट असला तरी यादीबाहेर.

घरगुती वापरणाऱ्यांना कंपनीने आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षेच्या दुरुस्त्या देऊ केल्या. त्यासाठी कंपनीकडे खाते उघडून नाव नोंदवावे लागते. म्हणजे यंत्र आपले, वीज आपली, टेबल आपले. ते आणखी किती दिवस सुरक्षित चालवायचे हे ठरवणारा मात्र सातासमुद्रापलीकडे.

बैल थकला की नाही हे त्याच्या दावणीशी उभा असलेला शेतकरी ठरवतो. बैलबाजारातला व्यापारी निरोप धाडत नाही की, बाबा रे, तुझा बैल आजपासून म्हातारा झाला.

कंपनीची बाजूही सांगितली पाहिजे. जुन्या प्रणालीतली भोके बुजवत राहायला माणसे लागतात, पैसा लागतो. दहा वर्षे देखभाल केली, ही काही थोडी गोष्ट नाही. सुरक्षेच्या चिपचा उपयोगही खरा आहे. कोणत्याही कारखानदाराने जन्मभर फुकट सेवा द्यावी असे आम्ही म्हणत नाही. घामाचे दाम मागणारी आपली संघटना दुसऱ्याचा घाम फुकट मागणार नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. विकणाऱ्याने हात काढून घेतला, तर विकत घेणाऱ्याला ते यंत्र स्वतःच्या हिमतीवर चालू ठेवायची मोकळीक आहे की नाही?

टेबलावरचा संगणक स्वस्त कसा झाला

हा प्रश्न समजायचा तर थोडे मागे गेले पाहिजे. पन्नास वर्षांपूर्वी संगणक ही सरकारची, बँकांची, विद्यापीठांची आणि मोठ्या कंपन्यांची वस्तू होती. थंडगार खोलीत ती ठेवायची आणि सामान्य माणसाने खिडकीबाहेर रांग लावायची. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ नावाचे एक खोके झळकले. सुटे भाग घेऊन घरी जोडायचे, किंमत सुमारे चारशे डॉलर. त्याला पडदा नव्हता, कळफलक नव्हता. नुसती बटणे आणि लुकलुकणारे दिवे. तरी लोकांची झुंबड उडाली, कारण पहिल्यांदाच संगणक आपल्या घरात, आपल्या मालकीचा येत होता.

त्याच वर्षी मार्चमध्ये कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एका मोटारीच्या गॅरेजमध्ये काही हौशी मंडळी जमली आणि ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ सुरू झाला. ज्याला जे साधले ते त्याने दुसऱ्याला दाखवायचे, ही तिथली रीत. ॲपलचा पहिला संगणक बनवणारा स्टीव्ह वॉझ्नियॅक याच मंडळींतला.

मग १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम या मोठ्या खोलीतल्या संगणकांच्या सम्राटाने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. तो घाईने करायचा होता, म्हणून त्यांनी बाजारातलेच भाग वापरले. प्रोसेसर इंटेलचा, मुख्य प्रणाली मायक्रोसॉफ्टची. वर यंत्राच्या रचनेचे सविस्तर पुस्तक छापून विकले आणि दुसऱ्या कोणाचीही पट्टी आत बसवता यावी म्हणून खाचा ठेवल्या. एकच गाठ आयबीएमने हातात ठेवली होती. संगणक सुरू होताना लागणारा ‘बायोस’ हा छोटा कार्यक्रम तिच्या हक्काचा होता. त्याची नक्कल करायला कायद्याने बंदी.

कॉम्पॅक या नव्या कंपनीने ती गाठ चोरी न करता सोडवली. एका गटाने मूळ बायोस काय काय काम करतो याची यादी केली. ज्यांनी मूळ कार्यक्रम डोळ्यांनी पाहिलेलाही नाही अशा दुसऱ्या गटाने ती यादी समोर ठेवून नवा कार्यक्रम लिहिला. १९८२ च्या नोव्हेंबरात त्यांनी आपले यंत्र जाहीर केले. १९८४ साली फिनिक्स या कंपनीने असाच बायोस तयार करून जो मागेल त्याला विकायला सुरुवात केली. झाले! तैवानपासून टेक्सासपर्यंत जो तो संगणक जोडू लागला. पुढे आपल्याकडेही शहरातली पोरे सुटे भाग आणून संगणक जोडू लागली आणि त्या ‘असेंबल्ड’ यंत्रांवर तालुक्याच्या गावी टायपिंगच्या इन्स्टिट्यूट आणि डीटीपीची दुकाने उभी राहिली.

१९८७ साली आयबीएमने पुन्हा कुंपण घालायचा प्रयत्न केला. ‘पीएस/२’ या नव्या मालिकेत अंतर्गत जोडणीची अशी पद्धत आणली की ती वापरायची तर आयबीएमला दाम मोजावे लागत. १९८८ साली कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी आपली वेगळी, जुन्या पट्ट्याही चालवणारी पद्धत जाहीर केली. गिऱ्हाईक आयबीएमच्या कुंपणात गेले नाही. २००५ साली तर आयबीएमने हा धंदाच चीनच्या लेनोव्होला विकून टाकला.

यातून घ्यायचे ते एवढे. संगणक स्वस्त झाला तो कोणा सरकारच्या सबसिडीने झाला नाही की कोणा कंपनीच्या दयेनेही नाही. रचना उघडी होती, भाग कोणाचाही बसत होता, शंभर जण स्पर्धेत होते, म्हणून तो स्वस्त झाला. बाजार खुला असला की काय होते ते पाहायला यापेक्षा चांगले उदाहरण नाही.

बियाणे आणि कुलूप

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलेली माणसे, तेव्हा बियाण्याच्या भाषेत बोलतो. सरळ वाणाचे बियाणे शेतकरी घरचे राखतो आणि पुढच्या वर्षी पेरतो. संकरित वाणाचे राखून पेरले तर पुढच्या पिढीत गुण फुटतात, झाडे एकसारखी येत नाहीत, उत्पन्न घटते. म्हणून दरवर्षी नवे घ्यावे लागते. त्याबद्दल कंपनीशी भांडण नाही, कारण तो निसर्गाचा नियम आहे. संगणकाच्या कुलपाचे तसे नाही. ते निसर्गाने घातलेले नाही, माणसाने घातलेले आहे, आणि ते कोणाच्या सोयीचे आहे हे विचारण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे.

बियाण्याच्या बाबतीत आपल्या देशाने निदान कागदावर शहाणपण दाखवले आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या ३९ व्या कलमात संरक्षित वाणाचेसुद्धा बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचा हक्क शेतकऱ्याला दिलेला आहे. फक्त कंपनीचे नाव लावून विकता येत नाही. वाण तयार करणाऱ्याचे दाम त्याला आणि पेरणाऱ्याची मालकी पेरणाऱ्याला, अशी ती वाटणी आहे. यंत्राच्या बाबतीत अशी वाटणी अजून व्हायची आहे.

आता ट्रॅक्टरकडे या. कोणी म्हणेल की संगणक आमच्या घरी नाहीच. भावांनो, तो ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली येऊन बसला आहे. १ जानेवारी २०२३ पासून आपल्याकडे पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्याबरोबर डिझेलचा पुरवठा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने मोजणारी इंजिने आली. धूर कमी झाला, चांगले झाले. पण पंप-नोझल खोलून कान लावून दोष सांगणारा आपला तालुक्याचा मिस्त्री पुढे काय करणार? दोष कोणता ते यंत्रातला संगणक सांगणार आणि तो कोणाला सांगेल ते कंपनी ठरवणार.

अमेरिकेत हे होऊन बसले आहे. जॉन डियर कंपनीच्या यंत्रातले दोष शोधण्याचे पूर्ण सॉफ्टवेअर फक्त अधिकृत विक्रेत्यांनाच मिळते, त्यामुळे शेतकऱ्याला जादा दाम मोजावे लागते आणि हंगामात खोळंबून राहावे लागते, अशी तक्रार करून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने इलिनॉय आणि मिनेसोटा या राज्यांसह जानेवारी २०२५ मध्ये कंपनीवर खटला भरला. कंपनीने आरोप अमान्य केले. कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला आणि १ जानेवारी २०२४ पासून शेतीयंत्रांचे सुटे भाग, माहितीपुस्तके आणि दोष शोधण्याची साधने मालकाला व स्वतंत्र मिस्त्रीला देणे बंधनकारक केले. याच कंपनीचा कारखाना आपल्या पुण्याजवळ सणसवाडीला आहे. तेव्हा ही दूरदेशीची गोष्ट म्हणून सोडून देता येणार नाही.

अक्षरांचे कुलूप

कुलूप यंत्रालाच असते असे नाही, अक्षरांनाही असते. आपल्या या अंकाचेच घ्या. जुने अंक आम्ही संगणकावर एका कंपनीच्या फाँटमध्ये जुळवत असू. त्या काळी प्रत्येक कंपनीचा मराठी अक्षरांचा संकेत वेगळा. एकीच्या फाँटमधला ‘क’ दुसरीच्या फाँटमध्ये भलतेच काही दिसायचा. फाँट चालवायला संगणकाच्या मागे एक किल्लीवजा डबी लावावी लागे. ती डबी एके दिवशी निकामी झाली. विकणारा म्हणाला, जुनी आता मिळत नाही, नवा संच घ्या. नव्या संचात जुन्या फाइली उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी! लेख आमचे, भाषणे आमची, त्यातला घाम आमचा. आणि आम्हालाच ते वाचता येईनात. छापील अंक समोर ठेवून मुलांनी कित्येक लेख पुन्हा टंकून काढले.

यावरचा उपाय सगळ्यांना खुला होता. भारतीय लिप्यांसाठी सामायिक संकेत सरकारी मानक म्हणून १९९१ साली ठरला होता. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली, ती याच भारतीय संकेताच्या आधीच्या आवृत्तीवरून. आज मोबाईलवर लिहिलेली मराठी कोल्हापुरातून अमेरिकेत पाठवली तरी तशीच दिसते, ती युनिकोडमुळे. कोणा एका कंपनीच्या मालकीचा नसलेला नियम सर्वांनी पाळला की सर्वांचा धंदा वाढतो. तरीही डीटीपीच्या दुकानांत जुन्या फाँटमध्ये जुळणी चालूच आहे. तिथे काम देताना सांगा, मजकूर युनिकोडमध्ये हवा.

परवाना राजची जुनी खोड

आता सरकारचे पाहू. ३ ऑगस्ट २०२३ रोजी विदेश व्यापार महासंचालनालयाने अधिसूचना काढली की लॅपटॉप, टॅबलेट आणि तत्सम संगणक आयात करायचे तर परवाना लागेल. बोंब उठली तेव्हा दुसऱ्याच दिवशी अंमलबजावणी पुढे ढकलली आणि ऑक्टोबरात तीच गोष्ट ‘आयात व्यवस्थापन’ या गोड नावाने, आधी परवानगी घेण्याच्या रूपात आणली.

त्याच ऑगस्टच्या १९ तारखेला केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. ७ डिसेंबर २०२३ रोजी याच महासंचालनालयाने कांद्याची निर्यात बंद केली. ती उठायला मे २०२४ उजाडला, आणि शेवटचे शुल्क गेले १ एप्रिल २०२५ ला. कागद काढणारे कार्यालय तेच, वृत्ती तीच. शेतकऱ्याचा माल बाहेर जाताना दार बंद, आणि त्याच्या पोराला लागणारा संगणक आत येताना दाराशी पहारेकरी. विकताना स्वस्त विका, घेताना महाग घ्या! ज्या देशात संगणक सुट्या भागांच्या खुल्या बाजारावर गावोगाव पोहोचला, त्या देशात पुन्हा परवाना हा शब्द उच्चारावा, याची लाज वाटली पाहिजे.

पुन्हा मोठ्या खोलीकडे

अलीकडची आणखी एक बातमी सांगतो. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या मेमरी चिपा करणाऱ्या कंपनीने जाहीर केले की सामान्य गिऱ्हाइकाला ‘क्रुशल’ या नावाने मेमरी विकण्याचा आपला धंदा आम्ही बंद करतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांची मागणी पुरवायची आहे. याच कंपनीच्या गुजरातेतील साणंद येथील प्रकल्पाला खर्चाच्या निम्मी मदत केंद्राची आणि वीस टक्के गुजरात सरकारची, असे २०२३ साली ठरले. म्हणजे कराचा पैसा आपला आणि मेमरीची पट्टी घ्यायला गेलो की दुकान बंद!

कंपनीने कोणाला विकावे हा तिचा हक्क आहे. पण वारे कुठे वाहते ते ओळखा. १९७५ साली संगणक मोठ्या खोलीतून टेबलावर आला. आता कागदपत्रे कंपनीच्या खोलीत, कार्यक्रम महिना भाड्याने, आणि आपल्या हातात नुसती खिडकी, अशी परतीची वाट सुरू झाली आहे. भाड्याने घ्यायला आमची हरकत नाही. ट्रॅक्टरही आपण भाड्याने सांगतो. पण भाड्याचा ट्रॅक्टर घेणारा शेतकरी आपली जमीन ट्रॅक्टरवाल्याच्या नावावर करत नाही.

आपल्यातल्या बहुतेकांचा संगणक म्हणजे खिशातला मोबाईल. तिथे तर अवस्था आणखी वाईट. टेबलावरच्या संगणकावर दुसरी प्रणाली बसवता येते. बहुतेक मोबाईलवर ते कुलूप सामान्य माणसाला उघडता येत नाही. युरोपात २० जून २०२५ पासून नवे नियम लागू झाले. तिथे मोबाईलची विक्री थांबल्यावर किमान पाच वर्षे प्रणालीच्या सुधारणा आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग द्यावे लागतात. आम्ही सरकारी नियमांचे भक्त नाही. पण मालकी आणि करार यांचे रक्षण करणे हे तर सरकारचे मूळ काम. ते सोडून बाकी सगळे ते करते.

करायचे काय?

पहिले, चालता संगणक भंगारात देऊ नका. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली मोफत मिळते, तिची रचना उघडी आहे आणि ती मराठीतही चालते. केरळच्या सरकारी शाळांतली मुले वर्षानुवर्षे तिच्यावरच शिकली. संगणकात काही न बदलता ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. आधी फाइलींची दुसरी प्रत काढा, मग चालवून पाहा, मग ठरवा. हेही सांगितले पाहिजे की हिशेबाची काही पॅकेजे आणि सहीची काही साधने फक्त विंडोजवरच चालतात. तुमचे काम त्यांच्यावर असेल तर एक यंत्र त्यासाठी ठेवा.

दुसरे, संघटनेचे हिशेब, सभासदांच्या याद्या आणि ठराव युनिकोडमध्ये आणि कोणत्याही कार्यक्रमात उघडतील अशा स्वरूपात ठेवा. दोन प्रती, दोन वेगळ्या घरी.

तिसरे, यंत्र घेताना किंमत विचारता तसे हेही विचारा. संगणकाची मेमरी आणि डिस्क बदलता येते का? मोबाईलला सुधारणा किती वर्षे मिळणार? ट्रॅक्टरचा दोष शोधायचे साधन माझ्या मिस्त्रीला मिळेल का? उत्तर लेखी मागा. शंभर शेतकऱ्यांनी विचारले की विक्रेता वर कळवतो.

चौथे, मागणी. फुकट टॅबलेट नको, संगणकावर सबसिडी नको. केंद्राच्या ग्राहक खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्या यादीत शेतीची यंत्रेही होती. त्यानंतर संकेतस्थळ निघाले. संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे. आमची मागणी तीन ओळींची आहे. विकलेल्या यंत्राचे सुटे भाग, माहितीपुस्तक आणि दोष शोधण्याचे साधन वाजवी दामात मालकाला आणि त्याच्या मिस्त्रीला मिळाले पाहिजे. देखभाल थांबवणाऱ्या कंपनीने मालकाला दुसरी प्रणाली बसवण्यापासून अडवता कामा नये. आणि संगणकाची आयात व शेतमालाची निर्यात, दोन्हींवरचा परवाना आणि बंदी गेली पाहिजे.

हा ठराव आज आपण मतास टाकतो आहोत. मायबहिणींनी आणि तरुण पोरांनी त्यावर बोलावे, दुरुस्त्या सुचवाव्यात. जमीन, बियाणे आणि बाजार यांवरची मालकी मिळवायला आपण रस्त्यावर उतरलो. यंत्रावरची मालकी आज आपल्या हातात आहे. ती जाण्याआधी राखायची आहे, आणि राखणे हे मिळवण्यापेक्षा सोपे असते.